सुई न लागलेली प्रत

गुरुवार. दुपारचे सव्वातीन. दाभोळ, खाडीकाठी हसन सरखोत यांचं घर. ओहोटी लागलेली. फेरीबोट पलीकडे, धोपाव्याच्या धक्क्याला.

"मग सही करताय ना, सर?"

विचारणारा शार्दूल वैशंपायन. पुण्याचा. जुन्या रेकॉर्डी ओळखण्यात आपल्या तोडीचा माणूस महाराष्ट्रात नाही, असं तो स्वतःच सांगतो. दुर्दैवानं ते खरं आहे.

सरखोत सरांनी चष्मा पुसायला घेतला. मुंबईच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावी आले ते रेकॉर्डींनी भरलेला ट्रक घेऊन. रेकॉर्ड हातात कशी धरायची इथपासून शार्दूलला त्यांनीच शिकवलं होतं.

समोर टेबलावर शार्दूलनं टाईप करून आणलेला कागद होता. त्यात कामाचं वाक्य एकच. 'सदर गाण्याच्या चारही प्रती एकाच दिवशी झालेल्या एकाच ध्वनिमुद्रणावरून काढलेल्या आहेत.'

सोमवारी हा कागद कोर्टात जाणार होता. तो गेला की सेलीन तुस्कानो यांचा अर्ज फेटाळला जाणार होता.

सेलीनबाई तिथेच होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. वसईच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सत्तरीकडे झुकलेल्या. त्यांना मी घेऊन आलो होतो. सरांनी मला फोन केला होता, "मोहिते, बाईंना घेऊन या." कशाला, ते सांगितलं नव्हतं.

भानगड थोडक्यात अशी.

सेलीनबाईंची मोठी बहीण ब्लांश. बावीस वर्षांची असताना तिनं एक गाणं म्हटलं. शब्द मराठी, बाज सगळा सोल संगीताचा. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी चर्चमधून उचलून दुःखासकट रस्त्यावर आणलेलं ते गाणं, ती वसईत बसून मराठीत गायली. 'सांज सरली, दार लोटू नकोस.' शिंपला रेकॉर्ड्स नावाच्या एका किरकोळ कंपनीनं ते छोट्या तबकडीवर काढलं.

वर्षाच्या आत ब्लांश नाहीशी झाली. किनाऱ्यावर चपला सापडल्या. प्रेत सापडलं नाही. कंपनीच्या एका साठीच्या माणसानं चपला ओळखल्या, पोलिसांनी 'बुडून मृत्यू' लिहिलं आणि फाईल बंद केली.

चपलांवरून! आईला त्या चपला दाखवायलासुद्धा कोणी बोलावलं नाही. ज्यानं ओळखल्या त्याचं वय कागदावर आहे, नाव नाही. ते का नाही, हे मी तीन अधिकाऱ्यांना विचारलं. तिघांनी मला चहा पाजला.

गाणं मात्र बुडालं नाही. कंपनी ते पुन्हा काढत राहिली. पुढच्या पंधरा वर्षांत आणखी तीनदा. मग कंपनीच बंद पडली.

त्यानंतर खूप वर्षांनी सेलीनबाईंनी ते रेडिओवर ऐकलं. ऐकलं आणि हातातली ताटली खाली ठेवली. "ही ब्लांशच आहे," त्या म्हणाल्या. "पण बावीस वर्षांची नाही. ही नंतरची आहे."

पोलीस हसले. वकील हसले. आमचे संपादकही हसले. मी त्या खोलीत होतो. बाई हटल्या नाहीत; बहिणीची फाईल पुन्हा उघडा, असा त्यांनी कोर्टात अर्ज केला. शेवटी कोर्टानं विचारलं, रेकॉर्डी पुन्हा निघाल्या तेव्हा ब्लांश पुन्हा गायली की जुनंच गाणं पुन्हा छापलं? तज्ज्ञाचं मत आणा.

तज्ज्ञ म्हणजे शार्दूल. आणि शार्दूलच्या मताखाली सरांची सही असली की त्यापुढे कोणी बोलणार नव्हतं.

"सर?"

"चारही आणल्यास?" सरांनी विचारलं.

शार्दूलचा चेहरा उजळला. त्यानं पेटी उघडली. आत मऊ कापड, कापडात चार पाकिटं. त्यानं पांढरे सुती हातमोजे चढवले.

"लग्नाला निघालायस का रे?" सेलीनबाई म्हणाल्या.

त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. चारही तबकड्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"पहिली, निळं लेबल. शिंपल्याच्या चित्रावर सात रेघा. दुसरी हिरवी, तिच्यावर सहाच रेघा, कारण ब्लॉक झिजला होता. तिसरी पिवळी, कडेला जाड. आणि ही चौथी. कोरं पांढरं लेबल. बाजारात गेलीच नाही. अशी दुसरी प्रत मी अजून पाहिलेली नाही. आणि ही..." तो थांबला. "हिला सुई लागलेली नाही, सर. कधीच."

"कधीच?"

"कारखान्यातून निघाली तशी आहे. कुमारी."

सेलीनबाईंनी त्याच्याकडे वर्गात पाहावं तसं पाहिलं. तो गडबडला. "तसं म्हणतात आमच्यात," तो पुटपुटला.

"आणि एकच ध्वनिमुद्रण हे कशावरून?" सर.

"हे बघा." त्यानं भिंग काढलं. गाणं संपतं तिथून लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर साचा कापणारा माणूस हातानं नंबर कोरतो. शार्दूल तिथे बोट न लावता बोट दाखवत होता. "चारही ठिकाणी नंबर तोच. हातही तोच. हा सातचा आकडा बघा, पोटात आडवी रेघ, शेपूट डावीकडे वळलेलं. असा सात कोणी काढत नाही. जागा जराशी सरकलीय, म्हणजे साचा दर वेळी नवा कापला. टेप मात्र जुनीच."

"टेप जुनी, हे कोणी सांगितलं?"

"नंबर तोच आहे ना, सर."

"नंबर गाण्याला देतात की गाणाऱ्या बाईला?"

शार्दूल हसला. "सर, आणखी पुरावा आहे. दुसऱ्या कडव्याच्या आधी ड्रमवाल्याच्या हातून काठी पडते. ती चारही प्रतींत एकाच जागी पडते. तसं मी लिहिलंय."

"ऐकलीस?"

"पहिलीत ऐकली."

"आणि बाकीच्यांत?"

शार्दूलनं हातमोज्याची बोटं ओढून सारखी केली.

"दुसरीत?"

"सर, चांगल्या प्रती वाजवत नाहीत कोणी. दर वेळी खोबणी झिजते. तुम्हीच शिकवलंत..."

"मी सुई साफ ठेवायला शिकवलं होतं."

खाडीवरून वारा आला. मागचं दार सावकाश मिटत आलं आणि चौकटीला न लागता थांबलं. आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. का पाहिलं, कोण जाणे...

"म्हणजे," सेलीनबाई म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "माझ्या बहिणीचं गाणं न ऐकता तू कोर्टाला लिहून देणार होतास."

"मॅडम, मी शास्त्रीय पद्धतीनं..."

"बाळ, मी चाळीस वर्षं पेपर तपासले. न वाचता तपासलेला पेपर मला लांबून कळतो."

सर उठले. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, त्यावर वाटी ठेवून चार गोल कापले आणि एकेका लेबलावर एकेक गोल ठेवला. निळं, हिरवं, पिवळं, पांढरं... काही दिसेना. मग त्यांनी शार्दूलला खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि तबकड्यांची जागा उलटसुलट केली.

"सेलीनबाई, तुम्ही बघायचं नाही. ऐकायचं."

"मला बघायचंच नाहीये."

त्यांनी खुर्ची वळवली. पाठ आमच्याकडे, तोंड खाडीकडे.

"सुई तू ठेव, शार्दूल."

"मी?"

"हातमोजे काढून."

त्यानं काढले. त्याचे हात गोरे आणि घामेजलेले होते.

पहिली तबकडी फिरू लागली. खरखर. मग बास गिटार, मग ड्रम. मग ती.

सांज सरली, दार लोटू नकोस...

मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं असेन, पण घासलेल्या कॅसेटवर, चुकार फाईलवर. असं, खोलीत कोणीतरी येऊन उभं राहावं तसं, कधी नाही. मानेवर काटा आला, हे लिहायला मला आवडत नाही. पण आला.

काठी पडली. दुसरं कडवं. संपलं.

सेलीनबाई हलल्या नाहीत. "ही मधली आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या ऐकू द्या."

"मधली म्हणजे?" शार्दूल.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

दुसरी. तोच बास, तोच ड्रम. मग आवाज. या वेळी बाईंच्या खांद्यांनी ओळखलं, कानांच्याही आधी.

"ही..." त्या म्हणाल्या. हसल्यासारख्या. "घरातून गेली ती ही. विहिरीवर गायची तशीच गातेय. शेजारच्या रुमावमावशी ओरडायच्या, पोरी, सांज झाली, आवाज खाली कर."

काठी पडली. त्याच जागी.

तिसरी. ती ओळ आली आणि बाईंनी हात वर केला. सरांनी सुई उचलली.

"परत."

सांज सरली...

"स ऐका तिचा. हवा निसटतेय." बाई स्वतःच्या जिभेनं स्वतःचे दात चाचपत होत्या. "हिचा पुढचा दात गेलाय."

"दात?" शार्दूल म्हणाला.

"ब्लांशचे सगळे दात जागेवर होते. गेली त्या सकाळी माझ्यासमोर राखुंडीनं घासत होती. अर्धं तोंड काळं करून मला घाबरवलं तिनं." त्या थांबल्या. "मग त्या दाताचं नंतर काय झालं?"

 तबकडी रिकामी फिरत राहिली. सर ती थांबवायला उठले नाहीत.

मग शार्दूलनं चौथी उचलली आणि तसाच उभा राहिला.

लेबल झाकलेलं होतं. पण त्याचा अंगठा कडेवर होता आणि अंगठ्याला कळलं होतं. ती पांढरी. ती सुई न लागलेली.

"सर... ही..."

"हं."

"तिघींवरून कळतंय ना? ही कशाला? अशी प्रत पुन्हा मिळणार नाही, सर. एकदा सुई टेकली की ती... ती बाकीच्यांसारखी होईल."

 सर त्याच्याकडे बघत नव्हते. बाईंच्या पाठीकडे बघत होते.

शार्दूलनंही मग तिकडे पाहिलं. फिकट निळा ब्लाऊज. अंबाड्याला काळी जाळी. खांदे वर ओढलेले, मार बसणार आहे हे माहीत असलेल्या मुलासारखे.

त्यानं सुई टेकवली.

खरखर नव्हती. खरंच नव्हती. त्या स्वच्छ शांततेतून बास आला, ड्रम आला. आणि मग जो आवाज आला तो ऐकून सेलीनबाईंच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"मम्मा."

गाणं चालू होतं. बाई आता पुटपुटत होत्या, आमच्याशी नव्हे. "मम्मा नाही. मम्माला गाता येत नव्हतं. ब्लांश आहे. ब्लांश मम्माच्या वयाची झालीय. ओळीच्या मधे श्वास घेतेय बघा, मम्मा जिना चढताना घ्यायची तसा..."

काठी पडली. गाणं संपलं. सुई आत सरकली आणि खर्र, खर्र करत राहिली. पहिल्यांदाच.

"लावा क्रमानं," सर म्हणाले.

बाई वळल्या. उठून टेबलाशी आल्या. तबकड्या वाजल्या त्याच क्रमानं ठेवलेल्या होत्या, कागदाचे गोल तसेच. त्यांनी कुठली केव्हा वाजली ते लक्षात ठेवून, एकेक तबकडी कडेनं धरून, डावीकडून उजवीकडे ठेवली. एकदाही अडखळल्या नाहीत.

"काढ," सर शार्दूलला म्हणाले.

त्यानं पहिला गोल काढला. निळं. दुसरा. हिरवं. तिसरा. पिवळं. चौथा काढायची गरज नव्हती, पण त्यानं काढला. पांढरं.

"योगायोग असू शकतो, सर," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. गोल बदलले, जागा बदलल्या, शार्दूलनंच बदलल्या. बाईंनी पुन्हा तशाच लावल्या. या वेळी रडत.

सर भिंतीला टेकून बसले. "काठी चारही वेळा एकाच जागी पडली. ते तुझं बरोबर आलं, शार्दूल. न ऐकता बरोबर आलं. वादकांची टेप तीच आहे. एकदा वाजवली, ठेवून दिली. तिच्यावर ही दर वेळी नव्यानं गायली."

"बुडाल्यावर?" मी विचारलं.

"तुम्ही बातमीदार. तुम्ही सांगा."

"कुठे उभी राहून गायली?" सेलीनबाई म्हणाल्या. "कोणी उभी केली? कोणाच्या घरात? पंधरा वर्षं माझी बहीण कोणाच्या घरात होती, सरखोतसाहेब? आणि आम्ही दर वर्षी चर्चमध्ये तिच्या नावानं मिसा सांगत होतो..."

सर उठले. कपाट उघडलं.

"पंधरा नव्हे, बाई," ते म्हणाले.

त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चपटं, गोल.

"गेल्या आठवड्यात फेरीच्या तिकीटखिडकीवर कोणीतरी माझ्या नावानं ठेवून गेलं. कोणी, ते तिथल्या माणसाला सांगता येत नाही. गाडी उतरत होती, गर्दी होती, म्हणतो. म्हणून तुम्हाला बोलावलं."

मी आधी कागद पाहिला. सवय. मुंबई आवृत्ती, गेल्या महिन्यातली.

आत तबकडी. लेबल नाही, पाकीट नाही. काळी, आणि इतकी चकचकीत की चौघांचे चेहरे तिच्यात वाकडे दिसत होते.

शार्दूलनं ती नाकाशी नेली. "ताजी आहे," तो म्हणाला. "सर, ही... वर्षभराच्या आतली आहे." मग भिंग.  मग त्याच्या आवाजात जुना रुबाब क्षणभर परत आला. "नंबर तोच! सात तोच. पोटात रेघ, शेपूट डावीकडे. कोणीही नक्कल केलेली नाही, सर, मी शपथेवर सांगतो, हा तोच हात..."

तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं.

"तुम्ही वाजवलीत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"सर?" शार्दूल थक्क. "तुम्ही? न वाजवता?"

"हिच्यावर पहिला कान बाईंचा."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग नीट खोचला. "ठेव रे सुई," त्या शार्दूलला म्हणाल्या. पहिल्यांदाच मायेनं.

त्यानं ठेवली.

बास. ड्रम. पन्नास वर्षांपूर्वीचे वादक, ज्यांतला एकही आता हयात नाही. मी शोधून पाहिलंय. मग ती जागा आली.

सांज...

म्हातारी. अगदी म्हातारी बाई. स मधून सगळी हवा निसटत होती. एकही दात नसावा.

...सरली...

आणि गाणं तिथेच थांबलं. वादक वाजवत राहिले, त्यांना काय माहीत. बासवर बास, ड्रमवर ड्रम, आणि त्याच्या मधल्या रिकाम्या जागेत श्वास. आत. बाहेर. आत. माइकच्या अगदी जवळ. पुढची ओळ तिला येत नव्हती असं नाही. ती म्हणत नव्हती.

काठी पडली.

श्वास एकदम थबकला. दचकावं तसा. मग पुन्हा सुरू झाला.

त्याच वेळी मागचं दार पुन्हा वाऱ्यानं मिटायला लागलं. सेलीनबाई उठल्या. धावल्या नाहीत, चालत गेल्या. दार सताड उघडलं, अंगणातला पाट्याचा दगड दोन्ही हातांनी ओढत आणला आणि दाराला लावला. मग उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, बाहेर बघत. बाहेर चिखल होता, खाडी होती आणि पलीकडून सुटलेली फेरीबोट.

सुई आत सरकली. खर्र. खर्र.

शार्दूलनं टेबलावरचा कागद ओढला आणि ते वाक्य खोडलं. एकदा, मग पुन्हा, कागद फाटेपर्यंत.

"काय लिहू, सर?"

"ऐकलंस ते."

"जिवंत आहे, असं लिहू?"

"श्वास घेते, असं लिही."

"आणि तो कोण, विचारलं तर? साचा कापणारा?"

आता मला बोलावं लागलं. कारण हे मीच शोधलं होतं, छापायला दिलं होतं आणि ते कोणी छापलं नव्हतं. शिंपला कंपनीत साचा कापायला एकच माणूस होता. कंपनी केव्हाच बंद झालेली, म्हणून मालकाच्या मुलाला फोन करून मी नाव विचारलं. "तो केव्हाच वारला," म्हणाला. नाव? फोन ठेवला. आणि किनाऱ्यावर चपला ओळखायला कंपनीनं पाठवलेला माणूस, तोही हाच.

"पोलिसांच्या कागदावर त्याचं वय काय म्हणालात, मोहिते?" सर.

"साठ."

"तेव्हा?"

"तेव्हा."

सरांनी भिंग घेतलं. पाचही तबकड्या जवळजवळ सरकवल्या, निळी, हिरवी, पिवळी, पांढरी आणि ती बिनलेबलाची; आणि खिडकीतल्या उन्हात त्यांच्यावर वाकले. एका सातवरून दुसऱ्या सातवर. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मग शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. फेरीचा भोंगा वाजला. बाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

मग त्यांनी भिंग शार्दूलच्या हातात दिलं.

"कोर्टाला हेही लिही," सर म्हणाले. "पन्नास वर्षांत तिचा आवाज म्हातारा झाला. ह्याचा हात झालेला नाही."